‘दिलंच नाही’ आणि ‘रिकामं ठेवा’: न दिलेल्या पॅरामीटरसाठी वेगळी खूण

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिकोडी तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी पायथनमध्ये सभासदांच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिलाय. त्यात सभासद_बदला नावाचं फंक्शन आहे. मोबाईल, कपात आणि मराठी नाव हे त्याचे पॅरामीटर, आणि तिन्हींचा डिफॉल्ट (न दिल्यास धरायची किंमत) नन, म्हणजे पायथनमधलं ‘काहीच नाही’. जे दिलं तेवढंच बदलायचं, बाकीचं आहे तसं ठेवायचं. एका सभासदाचा जुना नंबर आता भलत्याच माणसाकडं गेलाय आणि रोजचे फॅटचे मेसेज त्याला जातायत, म्हणून तो नंबर काढून टाकायचा आहे. मोबाईल=नन दिलं तर फंक्शन काहीच करत नाही. रिकामी स्ट्रिंग (मजकूर) दिली तरी तेच. मग −१ किंवा ९९९९९९९९९९ अशी खूण ठेवली तर चालेल का?

नको. खूण लागणार हे बरोबर आहे, पण ती खऱ्या मोबाईल नंबरांच्या आणि खऱ्या आकड्यांच्या रांगेतली नसावी. त्याआधी सध्याचं फंक्शन नीट बघू, कारण त्यात मोबाईलपेक्षा मोठी चूक दडलेली आहे. (वाचायला सोपं जावं म्हणून पायथनचे शब्द इथं देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ते नेहमीसारखे रोमनमध्येच.)

डेफ सभासद_बदला(क्रमांक, मोबाईल=नन, कपात=नन, मराठी_नाव=नन):
    नोंद = शोधा(क्रमांक)
    इफ मोबाईल:
        नोंद.मोबाईल = मोबाईल
    इफ कपात:
        नोंद.कपात = कपात
    इफ मराठी_नाव:
        नोंद.मराठी_नाव = मराठी_नाव
    नोंद.साठवा()

‘इफ कपात’ ही ओळ बघा. पायथनमध्ये नन, शून्य, रिकामी स्ट्रिंग, रिकामी यादी आणि फॉल्स ही सगळी ‘खोटी’ धरली जातात. सभासदानं पशुखाद्याची उचल घेतली होती आणि लिटरमागं २ रुपये कपात चालू होती असं धरा. उचल फिटली, म्हणून क्लार्कनं कपात ० केली. फंक्शनला ० मिळाला, इफला तो खोटा वाटला, आणि कपात २ रुपयेच राहिली. एरर आली नाही, स्क्रीनवर ‘नोंद साठवली’ असंच दिसलं. रोज १२ लिटर दूध घालणाऱ्याच्या दहा दिवसांच्या बिलातून २४० रुपये विनाकारण जातात. मोबाईल निघत नाही ही तक्रार लगेच येते. कपातीची तक्रार येते ती कुणीतरी बिल हातात धरून बेरीज केल्यावर.

म्हणजे प्रत्येक पॅरामीटरला इथं चार प्रकारे बोलावलं जातं: दिलाच नाही, तर जुनं ठेवा. नन दिला, तर पुसून टाका. शून्य दिलं, तर शून्यच लिहा. साधी किंमत दिली, तर ती लिहा. तुमच्या फंक्शननं यातल्या पहिल्या तिन्हींना एकाच पोत्यात भरलंय.

पहिली दुरुस्ती सोपी आहे. ‘इफ कपात’च्या जागी ‘इफ कपात इज नॉट नन’ लिहा. शून्य वाचलं. कपात हे रकान्यातलं कायम भरलेलं मूल्य असेल, ते रिकामं करायची वेळ कधीच येणार नसेल, तर या पॅरामीटरसाठी एवढंच पुरे. खास खूण सगळीकडं लागते असं नाही. नन ही ज्या रकान्यासाठी कायदेशीर किंमत नाही, तिथं ननच उत्तम खूण आहे. वाचणाऱ्याला ती ओळखीची असते आणि टाइप तपासणाऱ्या साधनांनाही ती कळते. पायथनच्या स्वतःच्या राउंड फंक्शनला किती दशांश हवेत ते सांगितलं नाही तर तिथं ननच धरतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

अडचण मोबाईलची आहे. तिथं ‘नंबर नाही’ ही स्वतःच एक खरी माहिती आहे, आणि ती डेटाबेसमध्ये नल (रिकामा रकाना) म्हणून जाते. ननला ते काम दिलं की ‘दिलंच नाही’ हे सांगायला दुसरं काहीतरी लागतं.

इथं बरेच जण तुम्हाला सुचलं तेच करतात: खऱ्या किमतींतलीच एखादी ‘कधी येणार नाही’ अशी किंमत उचलतात. ९९९९९९९९९९ हा दहा अंकांचाच असतो, त्यामुळं दहा अंक मोजणाऱ्या तपासणीतून तो सहज पास होतो. मेसेजच्या यादीत जातो. रकान्यावर युनिक अट असेल तर दुसऱ्या सभासदाला तोच नंबर देताना एरर येते आणि क्लार्क ९९९९९९९९९८ टाकून मोकळा होतो. पिनकोडचंही असंच. फॉर्ममध्ये डिफॉल्ट ५९०००१ ठेवला की खानापूरचे ५९१३०२ आणि निपाणीचे ५९१२३७ वाले सभासद बेळगाव शहरात राहायला आलेले दिसतात, आणि यातले खरोखर शहरातले कोण हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आकड्यांत तर हे जास्तच फसवं होतं. भारतीय हवामान खात्याच्या पावसाच्या ग्रिड फायलींत माहिती नसेल तिथं −९९९ असतं, तापमानाच्या फायलींत ९९.९. फायलींच्या स्वरूपासाठी ते ठीक आहे, कारण त्या खुणा लिहून ठेवलेल्या आहेत. पण वाचतानाच त्या बाजूला काढल्या नाहीत तर? खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी, आमगावकडं जुलैचा पाऊस हजार मिलिमीटरच्या वर जातो. महिन्याची बेरीज १६०० असेल आणि एका दिवसाची माहिती नसेल, तर उत्तर ६०१ येतं. उणे आलं असतं तर कुणीही ओळखलं असतं, पण ६०१ वर कोण शंका घेणार? तापमानात २८ दिवस ३० अंश आणि दोन दिवस ९९.९ असे धरले तर सरासरी ३४.६६ येते. तेही अगदी खरं वाटतं.

पायथनमध्येच असा एक जुना खड्डा आहे. स्ट्रिंगच्या फाइंडला अक्षर सापडलं नाही तर तो −१ देतो. तोच −१ इंडेक्स म्हणून वापरला तर पायथन शेवटचं अक्षर काढून देतो, एरर नाही. म्हणून इंडेक्स ही दुसरी मेथड आहे, ती न सापडल्यास सरळ एक्सेप्शन फेकते. सी भाषेत वेळ काढणारं टाइम फंक्शन चुकलं तर −१ देतं, आणि −१ हा ३१ डिसेंबर १९६९ च्या रात्रीचा, १९७० उजाडायच्या एक सेकंद आधीचा खरा क्षणही आहे.

तर खूण अशी हवी की ती दुसऱ्या कुठल्याच किमतीसारखी नसेल. पायथनमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते. मॉड्यूलच्या वरच्या भागात, एकदाच:

नाही_दिलं = ऑब्जेक्ट()

डेफ सभासद_बदला(क्रमांक, *, मोबाईल=नाही_दिलं, कपात=नाही_दिलं, मराठी_नाव=नाही_दिलं):
    नोंद = शोधा(क्रमांक)
    इफ मोबाईल इज नॉट नाही_दिलं:
        नोंद.मोबाईल = मोबाईल
    …

आता मोबाईल=नन म्हणजे पुसा, आणि मोबाईलचा उल्लेखच नाही म्हणजे हात लावू नका. मधलं तारांकन मुद्दाम घातलंय: त्याच्या पुढचे पॅरामीटर नाव घेऊनच द्यावे लागतात. नाहीतर कुणीतरी क्रमांकानंतर नुसता २ लिहितो आणि तो मोबाईलमध्ये जाऊन बसतो.

तुलना ‘इज’नंच करा, ‘==’नं नाही. ‘==’ म्हणजे समोरच्या ऑब्जेक्टला ‘तू याच्यासारखा आहेस का’ असं विचारणं, आणि तो काय उत्तर देईल हे त्याच्या क्लासवर अवलंबून. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा ॲरे (किमतींची रांग) दिला तर ‘==’चं उत्तर एक नसून आख्खा ॲरे येतो आणि इफ तिथंच मोडतो. ‘इज’ फक्त एवढंच बघतो की मेमरीतली ती हीच वस्तू आहे का.

पायथनच्या लायब्ररीतही हाच प्रकार जागोजागी आहे. सॉकेट मॉड्यूलमधलं जोडणी करणारं क्रिएट_कनेक्शन फंक्शन घ्या. टाइमआउट दिला नाही तर प्रोग्रामसाठी ठरवलेला सर्वसाधारण टाइमआउट लागू होतो. नन दिला तर कितीही वेळ थांबायचं. म्हणजे नन इथं ठोस अर्थाची किंमत आहे, म्हणून डिफॉल्टला वेगळं खुणेचं ऑब्जेक्ट ठेवलंय. ३.७ पासून आलेल्या डेटाक्लासेसमध्ये ‘मिसिंग’ नावाची खूण आहे, कारण फील्डचा डिफॉल्ट नन असणं आणि डिफॉल्टच नसणं यात फरक आहे. इन्स्पेक्ट मॉड्यूलमध्ये त्याच कामाला ‘एम्प्टी’ आहे.

साध्या ऑब्जेक्टच्या खुणेत मात्र काही उणिवा आहेत, आणि त्या कधी बोचतील ते आधी माहीत असलेलं बरं.

एक म्हणजे दिसणं. हेल्प काढली की डिफॉल्टच्या जागी ‘ऑब्जेक्ट ॲट’ आणि मेमरीचा लांबलचक पत्ता दिसतो. वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. लॉगमध्येही तसंच.

दुसरी गोष्ट खरेपणाची. साधं ऑब्जेक्ट पायथनला ‘खरं’ वाटतं. म्हणजे जुन्या कोडमध्ये कुठं ‘इफ मोबाईल’ राहून गेलं असेल, तर न दिलेला पॅरामीटर आता दिल्यासारखा धरला जाईल. आधी ननच्या काळात जी ओळ निदान गप्प बसायची, ती आता खूण उचलून नोंदीत घालेल. बदल करताना त्या फंक्शनमधल्या एकूण एक इफ आणि ऑर तपासायलाच हवेत. यावर माझा पक्का सल्ला असा की खुणेचा स्वतःचा क्लास करा आणि तिला खरं-खोटं विचारलं की टाइपएरर फेकू द्या. राहिलेल्या ओळी पहिल्याच चाचणीत सापडतात. पायथनच्या नॉटइम्प्लिमेंटेड या खुणेचंही असंच झालं: इफमध्ये तिचा वापर ३.९ मध्ये नापसंत ठरला आणि ३.१४ पासून थेट टाइपएरर येते.

तिसरी उणीव कॉपीची. डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट प्रत) केली किंवा पिकल करून (बाइट्समध्ये बदलून) दुसऱ्या प्रोसेसला पाठवलं, तर तिकडं नवीनच ऑब्जेक्ट तयार होतं. ‘इज’ मग नाही म्हणतो, आणि न दिलेला पॅरामीटर दिलेला ठरतो. रात्रीची बिलं चार प्रोसेसमध्ये वाटून काढणारा प्रोग्राम असेल तर हे नक्की गाठणार. तिन्ही उणिवांवर मिळून हा क्लास पुरतो:

क्लास _नाहीदिलंप्रकार:
    डेफ __रेप्र__(सेल्फ):
        रिटर्न '<नाही दिलं>'
    डेफ __बूल__(सेल्फ):
        रेझ टाइपएरर('इज वापरून तपासा')
    डेफ __रिड्यूस__(सेल्फ):
        रिटर्न 'नाही_दिलं'

नाही_दिलं = _नाहीदिलंप्रकार()

रेप्रनं दिसणं सुधारतं, बूलनं खरं-खोटं विचारणं अडतं. रिड्यूसनं स्ट्रिंग परत केली की पिकल तिला मॉड्यूलमधल्या त्या नावाच्या व्हेरिएबलचा पत्ता समजतं आणि तिकडं उघडताना तीच खूण उचलतं. कॉपी आणि डीपकॉपीही मग मूळ वस्तूच परत देतात. फक्त ती स्ट्रिंग आणि व्हेरिएबलचं नाव तंतोतंत एकच असलं पाहिजे.

टाइप हिंट (पॅरामीटरचा प्रकार कोडमध्येच लिहिणं) वापरत असाल तर एकाच सदस्याचा एनम (ठरावीक नावांच्या किमतींचा क्लास) करणं सोयीचं. मायपाय आणि पायराइट या टाइप तपासणाऱ्या साधनांना कळतं की ‘इज’नं तो सदस्य वगळल्यावर उरलं ते स्ट्रिंग किंवा नन. टाइप हिंटच्या मूळ प्रस्तावात, म्हणजे पेप ४८४ मध्ये, हीच रीत दाखवलेली आहे. एनमचा सदस्य पिकल आणि कॉपीतून सुखरूप जातो. इफला मात्र तो खराच वाटतो, त्यामुळं बूल मेथड तिथंही स्वतः लिहावी लागते. खुणांची एक ठरलेली सोय भाषेतच असावी म्हणून २०२१ साली पेप ६६१ मांडला गेला. त्या धर्तीचा सेंटिनल (अशी तयार खूण) टायपिंग_एक्स्टेन्शन्स या पॅकेजमध्ये मिळतो. ते पॅकेज तुमच्या प्रोजेक्टमध्ये आधीपासून असेल तर तोही वापरता येतो, फक्त पिकलमध्ये आणि इफमध्ये तो कसा वागतो ते आधी तपासा.

खूण एकाच फाइलीत ठेवा आणि सगळीकडं तिथूनच इम्पोर्ट करा. ती फाइल थेट चालवू नका. थेट चालवलेली फाइल ‘मेन’ या नावानं लोड होते. दुसऱ्या मॉड्यूलनं तीच फाइल तिच्या खऱ्या नावानं इम्पोर्ट केली की ती पुन्हा एकदा चालते आणि दोन खुणा तयार होतात, दिसायला सारख्या, ‘इज’ला वेगळ्या. ज्युपिटर नोटबुकमध्ये मॉड्यूल रीलोड केलं तरी हेच होतं.

आता ज्या जागी हे सगळ्यात जास्त फसतं ती जागा: एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा. तुमच्या प्रोग्राममध्ये बहुतेक असं काहीतरी असेल:

डेफ काउंटर_वरून_बदला(क्रमांक, मोबाईल=नन, कपात=नन):
    हक्क_तपासा()
    सभासद_बदला(क्रमांक, मोबाईल=मोबाईल, कपात=कपात)

आतलं फंक्शन सुधारलं, बाहेरचं तसंच राहिलं. क्लार्कनं फक्त कपात बदलली. बाहेरच्या फंक्शननं मोबाईलला स्वतःचा डिफॉल्ट नन धरला आणि तो पुढं ढकलला. आतल्या फंक्शनच्या नव्या नियमानुसार नन म्हणजे पुसा. सभासदाचा चालू नंबर गेला. पूर्वी नंबर निघत नव्हता, आता नको तेव्हा निघतो, आणि हे जास्त वाईट. म्हणून क्रम असा ठेवा: आधी त्या फंक्शनला बोलावणाऱ्या सगळ्या जागा शोधून काढा. त्यातल्या प्रत्येक मधल्या फंक्शनचा डिफॉल्ट त्याच इम्पोर्ट केलेल्या खुणेचा करा. आतल्या फंक्शनचा अर्थ बदलणं सगळ्यात शेवटी. एकाच कमिटमध्ये (कोडच्या एकाच नोंदवलेल्या बदलात) हे बसलं तर उत्तम.

याला पर्याय म्हणून दोन तारांकनांचा पॅरामीटर घेऊन ‘दिलेल्या गोष्टींचा डिक्शनरी’ पुढं पाठवता येतो. ‘की’ (म्हणजे ‘मोबाईल’सारखं नाव) डिक्शनरीत आहे का नाही यावरूनच दिलं का ते कळतं, खूण लागत नाही. मधली फंक्शनं साधी होतात. पण कुणी ‘मोबाईल’ऐवजी ‘मोबाइल’ लिहिलं तर ते निमूट गिळलं जातं. तो मार्ग घेतलात तर आत चालणाऱ्या नावांचा संच ठेवा आणि त्याबाहेरचं नाव आलं की टाइपएरर फेका.

खूण फक्त पायथनच्या आत जगते. वेबच्या फॉर्ममधून, जेसनमधून (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात त्या मजकुरातून), एक्सेलमधून ती येऊ शकत नाही, आणि डेटाबेसमध्ये जाताही कामा नये. या वेशींवर काय येतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

वेब फॉर्ममधली रिकामी टेक्स्ट पेटी रिकामी स्ट्रिंग म्हणून येते, म्हणजे ती ‘दिलेली’ असते. सर्व्हरवर आल्याबरोबर तिच्या कडेच्या जागा काढा आणि उरलं काहीच नाही तर तिचा नन करा. टिक न केलेला चेकबॉक्स मात्र येतच नाही. ‘मेसेज पाठवा’ या चेकबॉक्सवरची टिक काढली की सर्व्हरला ‘दिलंच नाही’ असं दिसतं, तो जुनं ठेवतो, आणि मेसेज काही बंद होत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाची एक लपवलेली पेटी ० किमतीची ठेवायची आणि सर्व्हरवर त्या नावाची शेवटची किंमत घ्यायची. डिसेबल केलेली पेटीही पाठवली जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

जेसनमध्ये सोय चांगली आहे: की नसणं वेगळं, कीची किंमत नल असणं वेगळं. आरएफसी ७३९६ या २०१४ च्या मानकात हाच नियम आहे: की नसेल तर जुनं ठेवा, नल असेल तर काढून टाका. डिक्शनरीतून वाचताना ‘गेट’ला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून आपली खूण द्या, नाहीतर दोन्हींचा नन होतो आणि मिळालेला फरक दारातच हरवतो. पायडँटिक ही आलेली माहिती तपासणारी लायब्ररी वापरत असाल तर काय खरोखर आलं ते मॉडेल_फील्ड्स_सेटमध्ये मिळतं, आणि डंप करताना एक्सक्लूड_अनसेट दिलं की फक्त तेवढंच बाहेर पडतं.

एक्सेलमधून शेकडो नोंदी एकदम चढवायच्या असतील तर रिकाम्या सेलचा अर्थ आधी संस्थेच्या सचिवांशी बोलून ठरवा. मी रिकामी सेल म्हणजे ‘बदलू नका’ असंच धरायला सांगतो, आणि पुसायचं असेल तर सेलमध्ये ‘काढा’ हा शब्द लिहायचा. उलट ठरवलंत तर कुणीतरी अर्धी भरलेली शीट चढवेल आणि गावाच्या गावाचे नंबर साफ होतील. पांडाज या लायब्ररीनं सीएसव्ही वाचताना सगळे रकाने स्ट्रिंग म्हणून मागा आणि रिकाम्या सेलचा आपोआप नॅन (‘आकडा नाही’ ही खूण) करण्याची सवय बंद करा. नाहीतर एक जरी सेल रिकामी असली तरी मोबाईलचा आख्खा रकाना दशांशी होतो आणि प्रत्येक नंबरामागं ‘.०’ लागतं.

डेटाबेसच्या बाजूला ‘सेट मोबाईल = कोअलेस(?, मोबाईल)’ अशी क्वेरी बऱ्याच जुन्या प्रोग्राममध्ये असते. नल आला तर जुनंच ठेवते, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न एसक्यूएलमध्ये जसाच्या तसा. तिच्याऐवजी जे रकाने दिलेत तेवढ्यांचीच अपडेट क्वेरी बांधा. रकान्यांची नावं कोडमधल्या ठरलेल्या यादीतून घ्या, किमती नेहमी प्रश्नचिन्हातून. एकही रकाना दिला नसेल तर क्वेरी न चालवताच परत या, कारण ‘सेट’पुढं काही नसेल तर ती सिंटॅक्स एरर आहे.

खूण चुकून क्वेरीपर्यंत पोचली तर एसक्यूलाइटचा ड्रायव्हर हा प्रकार चालत नाही म्हणून एरर देतो, आणि तेच हवं. धोका आहे तो वाटेत कुणी तिची स्ट्रिंग केली तर. एफ-स्ट्रिंगमध्ये गेली, किंवा जेसन डंप करताना ‘डिफॉल्ट=स्ट्र’ असं लिहिलेलं असलं, की सभासदाच्या नावाच्या रकान्यात ‘<नाही दिलं>’ छापलेलं मिळेल. ते ‘डिफॉल्ट=स्ट्र’ काढून टाका, तारखांसाठी वेगळं फंक्शन लिहा.

मराठी नावाबद्दल एक वेगळी गोष्ट. बिलावर मराठी नाव छापायचं आणि ते नसेल तर कन्नड नाव, असं बहुतेक संस्थांत असतं. तिथं ‘मराठी_नाव ऑर कन्नड_नाव’ हे बरोबरच आहे. नन असो की रिकामी स्ट्रिंग, दोन्ही वेळा कन्नड नावच हवं आहे. ऑर वाईट आहे म्हणून तो सगळीकडून उपटू नका. खोट्या ठरणाऱ्या सगळ्या किमतींना खरोखर एकच वागणूक हवी असेल तिथं तो चोख काम करतो.

आणि काही पॅरामीटरना खूणही नको, डिफॉल्टही नको. आपल्या भागात याचं ठळक उदाहरण जीएसटीच्या राज्य कोडचं. कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७. बेळगावातल्या व्यापाऱ्याचा माल चंदगडच्या गिऱ्हाइकाला पोचवायचा असेल तर आयजीएसटी, संकेश्वरच्या गिऱ्हाइकाला असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. बिल बनवणाऱ्या फंक्शनमध्ये राज्य=२९ असा डिफॉल्ट ठेवला की बोलावणारा विसरला तरी बिल निघतं, आणि चंदगडच्या बिलावर चुकीचा कर लागतो. २९ मुद्दाम दिला की विसरल्यामुळं आला, हे नंतर नोंदीवरून सांगता येत नाही. असा पॅरामीटर सक्तीचाच ठेवा. विसरला तर पायथन स्वतःच टाइपएरर देईल.

दुसऱ्या भाषांत थोडक्यात: जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइन्ड आणि नल हे दोन आधीच आहेत. डिफॉल्ट पॅरामीटर फक्त अनडिफाइन्डला लागू होतो, नलला नाही. शून्य वाचवायचं असेल तर दोन उभ्या रेघांऐवजी दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर वापरा, तो २०२० पासून भाषेत आहे. जेसनची स्ट्रिंग करताना ऑब्जेक्टमधली अनडिफाइन्ड की गळून पडते, ॲरेत असेल तर तिचा नल होतो. गो भाषेत न दिलेल्या फील्डला शून्य किंमतच मिळते. पॉइंटर घेतला तरी की नसणं आणि नल असणं या दोन्हींचा निल होतो, म्हणून तिन्ही स्थिती हव्या असतील तर ते फील्ड आधी कच्च्या जेसन संदेशाच्या रूपात घ्यावं लागतं.

चाचण्या प्रत्येक पॅरामीटरसाठी चार: न देता, नन देऊन, शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग देऊन, साधी किंमत देऊन. त्याच चार बाहेरच्या काउंटर_वरून_बदला मधूनही चालवा, मधल्या फंक्शनची चूक फक्त तिथंच पकडली जाते. जोडीला एक चाचणी अशी की खुणेची डीपकॉपी आणि पिकलमधून आलेली प्रत दोन्ही ‘इज’ला मूळच वाटतात.

कोड सुधारला तरी टेबलातल्या जुन्या नोंदी तशाच राहतात. बॅकअप घ्या. मग मोबाईलमध्ये रिकामी स्ट्रिंग, दहा शून्यं, दहा नऊ, किंवा नवांच्या शेवटी एखादाच अंक वेगळा असलेले किती ते मोजा, यादी छापून सचिवांना दाखवा, आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या नल करा. कपातीचं मात्र टेबलातून कळणार नाही, कारण गिळलेल्या शून्याची खूण कुठंच उरलेली नाही. त्यासाठी उचलीची खतावणी जोडून बघा: ज्यांची उचल बाकी ० आहे आणि कपात अजून ० पेक्षा जास्त आहे, ते सगळे सभासद काढा. बाकी शून्य झाल्याच्या तारखेपासून कापलेली रक्कम बिलवार जुळवा, कपात ० करा, आणि जादा कापलेले पैसे पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत ‘कपात परत’ म्हणून जमा दाखवा.